पोरांचा प्रोजेक्ट कपाटात नको, कारखान्यात हवा



आपल्या या अंकातून उतारा, पाणी, तोडणीचा कार्यक्रम आणि बिलाचा हप्ता यांवर नेहमी लिहिले जाते, आणि ते लिहिलेच पाहिजे. आज मात्र थोड्या वेगळ्या विषयावर लिहिण्याची परवानगी घेतो. विषय आहे आपल्या मुलामुलींनी कॉलेजात करावयाच्या 'प्रोजेक्ट'चा, आणि त्यातही तापमान मोजणाऱ्या एका लहानशा सर्किटचा. कोणी म्हणेल, "याचा आणि उसाचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो तुमच्या-माझ्या खिशापर्यंत येतो. कृपया शेवटपर्यंत वाचावे. मग न पटल्यास खुशाल टीका करावी.

सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन १९५६ पासून आहे, वालचंद इन्स्टिट्यूट १९८३ पासून आहे. पुढे पंढरपूरला आणि इतर तालुक्यांतही कॉलेजे निघाली. आज आपल्या सभासदांपैकी किती तरी घरांतले एखादे पोरगे नाही तर पोरगी डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला आहे. अभ्यासक्रमात प्रत्येकाला काही ना काही करून दाखवावे लागते, आणि इलेक्ट्रॉनिक्सकडच्या मुलांमध्ये सर्वांत जास्त होणारा प्रोजेक्ट म्हणजे मायक्रोकंट्रोलरवरचा तापमापक. तो सोपा आहे, स्वस्त आहे आणि मास्तरांना तपासायलाही सुटसुटीत आहे.

पण होते काय? परीक्षा तोंडावर आली की पोरे शहरातल्या दुकानात जातात. तिथे तयार डबा मिळतो, छापील अहवाल मिळतो, इतकेच काय, तोंडी परीक्षेची प्रश्नोत्तरेही मिळतात. डबा टेबलावर ठेवायचा, आकडा दाखवायचा, सही घ्यायची. नंतर डबा कपाटात जातो आणि पुढच्या वर्षी धूळ झटकून दुसऱ्याच्या नावाने पुन्हा बाहेर येतो. माझा पुतण्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा तोही माझ्याकडे याच कामाला पैसे मागायला आला. मी म्हटलं, "लेका, रोप विकत आणून लावावं, त्याला कुणी नाव ठेवत नाही. पण परीक्षा विकत आणलीस तर उद्या कामावर हात कुणाचे नेणार?" गडी वरमला आणि स्वतः करतो म्हणाला. पुढे जे घडले त्यावरून मला हा लेख सुचला.

हे सर्किट असते तरी काय?

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढ्या चकतीवरचा छोटा संगणक. इंटेल कंपनीने १९८० मध्ये ८०५१ नावाचा मायक्रोकंट्रोलर काढला आणि आपल्याकडच्या कॉलेजांत पिढ्यान् पिढ्या तोच शिकवला गेला. पुढे २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेआ गावी अर्डुइनो नावाची पाटी तयार झाली. ती खास विद्यार्थ्यांसाठी असल्याने काम फार सोपे झाले.

तापमान जाणणारा भाग वेगळा असतो, त्याला सेन्सर म्हणतात. एलएम-३५ नावाचा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. २५ अंश तापमान असेल तर २५० मिलिव्होल्ट, ४० अंश असेल तर ४००. मायक्रोकंट्रोलर हा दाब मोजतो, भागाकार करतो आणि पडद्यावर अंश दाखवतो. अर्डुइनो पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक भाग पाच मिलिव्होल्टच्या जवळपास, अर्थात अर्ध्या अंशाचा. आपल्या भाषेत सांगायचे तर ज्या काट्याचे सर्वांत लहान घर दहा किलोचे आहे, त्यावर चार किलोचा फरक कळणार नाही. मग पडद्यावर दशांश चिन्हापुढे दोन आकडे दिसले तरी ते शोभेचेच. हे पोराला कळले पाहिजे, आणि तयार डबा आणणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

दुसरा एक सेन्सर डीएस-१८बी-२० नावाचा आहे. तो स्टीलच्या बंद नळीत मिळतो, त्यामुळे पाण्यात किंवा खताच्या ढिगात खुपसता येतो. तो आकडा आतच तयार करून पाठवतो, म्हणून लांब वायरीतही आकडा बिघडत नाही. प्रत्येक नगाला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो, आणि एकाच वायरीवर पाच-सात नग जोडता येतात. सगळे सामान मिळून हजार-दीड हजारात बसते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये एफआरपी ठरवली. त्या हिशेबाने अर्ध्या टन उसाच्या पैशात हे यंत्र होते.

पुतण्याच्या दोन चुका

पुतण्याने डबा केला. घरात आकडा बरोबर दाखवत होता. मी म्हटलं, "गोठ्यात लाव." लावला, तर दुपारी आकडा ५२! म्हशी निवांत रवंथ करताहेत आणि डबा म्हणतोय ५२ अंश. पाहिलं तर सेन्सर व्होल्टेज कमी करणाऱ्या भागाला चिकटून बसवलेला, आणि तो भाग चालताना तापतो. त्यात डब्यावर पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं. डबा स्वतःचाच ताप मोजत होता! हवामान खाते तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर का ठेवते, हे त्या दिवशी त्याला कळलं. सेन्सर वायरीने दूर नेला, सावली केली आणि आकडा ताळ्यावर आला.

दुसरी चूक मात्र मोठी होती. आकडा खरा की खोटा हे तपासायला त्याने आईच्या चुलीवर पातेले ठेवून सेन्सर उकळत्या पाण्यात धरला. आकडा आला ९८.३. पुस्तकात पाणी १०० अंशांवर उकळते. मास्तर काय म्हणतील, म्हणून पठ्ठ्याने प्रोग्रॅममध्ये सरळ १.७ मिळवून टाकले. आता डबा बरोबर १०० दाखवू लागला, आणि गडी खूश.

योगायोगाने त्याच आठवड्यात माझे कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम होते. त्यालाही बरोबर नेले. तिथल्या केमिस्ट साहेबांनी डबा पाहिला, कौतुक केलं आणि विचारलं, "बर्फात किती दाखवतो?" बर्फ मागवला, बारीक फोडला, स्वच्छ पाण्यात ढवळला. तिथे शून्य यायला हवे. डब्याने दाखवले १.८! साहेब हसले आणि म्हणाले, "बाळा, तुझा डबा खरं बोलत होता. तूच त्याला खोटं बोलायला लावलंस."

कारण असे, की पाणी १०० अंशांवर उकळते ते समुद्राच्या पातळीवर. जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते. साधारण ३०० मीटरला एक अंश उतरतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे ते पावणेपाचशे मीटरवर आहे. म्हणून आपल्याकडे पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळते, आणि महाबळेश्वरी तर ९६ च्याही खाली. म्हणजे पुस्तकातला आकडा चुकीचा नव्हता, पण तो आपल्या गावचा नव्हता. पोराने पुस्तकाला खूश करण्यासाठी खऱ्या यंत्राचा काटा फिरवला.

मंडळी, हे ऐकून मला आपला वजनकाटाच आठवला. आपण शेतकरी आयुष्यभर काय ओरडत आलो? काटा खरा हवा. वैधमापन खात्याचा शिक्का हवा, हंगाम सुरू होण्यापूर्वी तपासणी हवी, ट्रॅक्टर भरून आणि रिकामा असा दोनदा काटा हवा. काट्यात कोणी बोट घातलेले आपल्याला चालत नाही, कारण त्यावर आपले वर्षाचे बिल अवलंबून आहे. मग आपल्याच घरातले पोरगे मार्कांसाठी काट्यात बोट घालायला शिकत असेल तर आपण गप्प बसायचे का? आज तापमानाचा आकडा फिरवणारा उद्या कुठल्या तरी प्रयोगशाळेत, कुठल्या तरी काट्यावरच नोकरीला बसणार आहे. म्हणून मी म्हणतो, प्रोजेक्टमध्ये खरी किंमत आहे ती तपासून पाहण्याला.

कारखान्यात तापमानाला काय मोल आहे

ज्यांनी गाळप जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उसाचा रस प्रथम ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवतात. मग चुना आणि गंधकाचा वायू देतात, आणि तो रस पुन्हा १०१ ते १०३ अंशांपर्यंत नेतात. रस मोकळ्या टाकीत येताच उसळतो आणि त्यातली हवा निघून जाते. हवा राहिली तर तिचे बुडबुडे गाळाला धरून ठेवतात, गाळ खाली बसत नाही, रस गढूळ राहतो आणि साखरेचा रंग बिघडतो. उलट रस जास्त वेळ तापत राहिला तर साखरच मोडते. चार-पाच अंशांच्या फरकावर एवढे अवलंबून आहे.

या ठिकाणी कारखान्याकडे चांगली यंत्रे आहेत. तिथे पीटी-१०० नावाचे सेन्सर असतात. आत प्लॅटिनमची तार असते, आणि तिचा विद्युतरोध शून्य अंशाला बरोबर १०० ओहम असतो, म्हणून हे नाव. पोरांनी हे एकदा डोळ्यांनी पाहिले तर वर्गातले चार तास वाचतील. तेव्हा बॉयलर, वाफ आणि चालू मशिनरी यांच्या वाटेला पोरांच्या डब्यांनी जाऊ नये, हे मी आधीच स्पष्ट करतो. तो जिवाशी खेळ आहे. आपल्याला डबे हवेत ते जिथे आज कोणीच काही मोजत नाही तिथे.

जिथे आज फक्त अंदाज चालतो

पहिली जागा रोपवाटिका. एक डोळा पद्धतीची रोपे आता पुष्कळ सभासद नेतात. कोकोपीटच्या ट्रेमध्ये डोळे लावून ट्रे एकावर एक रचतात आणि ऊब धरण्यासाठी चार-पाच दिवस प्लास्टिकने झाकतात. उसाचा डोळा २७ ते ३३ अंशांच्या दरम्यान चांगला फुटतो. डिसेंबरच्या थंडीत आत ऊब पुरेशी धरली का, आणि एप्रिलच्या उन्हात प्लास्टिकखाली डोळे शिजले तर नाहीत ना, हे आज हात घालून पाहतात. हाताला काय कळणार? उगवण कमी झाली की आपण बेण्याला दोष देतो, नर्सरीवाला हवेला देतो, आणि भांडण काही मिटत नाही. थप्पीच्या खाली, मध्ये आणि वर असे तीन सेन्सर ठेवले आणि तासातासाचा आकडा नोंदला, तर दोष कुणाचा ते कागदच सांगेल.

दुसरी जागा कंपोस्ट यार्ड. प्रेसमडचा ढीग कुजताना आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, मग हळूहळू निवतो. तो कधी पलटायचा आणि खत कधी पक्के झाले, हे आतल्या तापावरून ठरवता येते. कच्चे, गरम खत सरीत पडले तर कोवळ्या फुटव्याचे काय होते हे काहींनी भोगले आहे. तिथे लांब नळीच्या टोकाला एक सेन्सर पुरेसा आहे.

तिसरी जागा बगॅसचे ढीग. बगॅसचा ढीग आतल्या आत तापतो आणि कधी कधी आपोआप पेट घेतो. धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ढिगात ठिकठिकाणी सेन्सर आणि ठरावीक आकड्यावर वाजणारी घंटा, एवढे केले तरी वॉचमनला रात्री आधार होईल. यामुळे अग्निशमनाची व्यवस्था कमी करा असे कोणी समजू नये.

चौथी जागा आपले गोठे आणि दूध संकलन केंद्रे. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ पर्यंत जातो. संकरित गाय तर २७-२८ अंशांपासूनच उकाड्याने त्रासू लागते, चारा कमी खाते, दूध तोडते. पत्र्याखाली किती ताप होतो आणि त्यावर पाचट टाकल्यावर किती उतरतो, हे मोजून पाहिले तर खर्चाचा हिशेब लागेल. केंद्रावर बल्क कूलरमधले दूध ४ अंशांवर राहिले पाहिजे. रात्री लाईट गेली आणि ताप चढू लागला तर सिमकार्ड लावलेला डबा सेक्रेटरीला मेसेज पाठवील.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ऊस शेतीत सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचे काम हाती घेतले आहे, हे आपण ऐकून आहात. ते काम मोठे आहे, आणि आपल्याकडेही कधी ना कधी येईलच. पण ते आले की त्याचे डबे शेतात उभे राहतील. त्यातला एखादा बंद पडला, उंदराने वायर कुरतडली, मुंग्यांनी आत घर केले किंवा मोटर सुरू होतानाच्या झटक्याने आकडा गोठला, तर दुरुस्तीला पुण्या-मुंबईहून माणूस येण्याची वाट पाहायची का? ते काम करणारी पोरे आपल्याच वाडी-वस्तीवर तयार झाली पाहिजेत, आणि ती तयार होतात अशाच दीड हजाराच्या डब्यावर.

आक्षेप आणि उत्तर

मी हा विषय दोन-तीन मंडळींजवळ काढला तेव्हा मला ऐकवण्यात आले की कारखाना म्हणजे काही शाळा नाही, आणि पोरांच्या खेळण्यांवर सभासदांचा पैसा का घालवायचा? प्रश्न रास्त आहे. पैशाची राखण केलीच पाहिजे. पण सहकाराची जी सात तत्त्वे जगभर मानतात, त्यात पाचवे तत्त्व शिक्षण, प्रशिक्षण आणि माहिती हेच आहे. शिवाय दहा प्रोजेक्टचे सामान पंधरा हजारांच्या आत येते. वार्षिक सभेच्या मंडपाचे भाडे किती होते ते आपण जाणतोच.

दुसरा आक्षेप, बाजारात तयार तापमापक मिळतो तोच आणावा. जरूर आणावा, घाईच्या जागी तोच आणावा. पण तो आणून पोरगे शिकत नाही, आणि रोज आकडा वहीत कोण उतरवणार हा प्रश्न राहतोच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत पटतो. परीक्षा संपली की पोरे पुण्याला जातात, मग डब्याकडे कोण बघणार? म्हणूनच पुढच्या सूचना करतो. संचालक मंडळाने त्यांचा विचार करावा, ही नम्र विनंती.

एक. दरवर्षी जून-जुलैमध्ये शेती विभाग व प्रयोगशाळा यांनी मिळून, जिथे तापमान मोजायला हवे पण मोजले जात नाही अशा पाच-सहा जागांची यादी नोटीस बोर्डावर लावावी.

दोन. सभासदांच्या मुलामुलींनी दोघा-तिघांचा गट करून, आपल्या मास्तरांच्या संमतीने त्यातली एक जागा घ्यावी. सामानाचा खर्च पावतीवर कारखान्याने द्यावा. तयार डबा आणल्यास एक पैसाही देऊ नये.

तीन. प्रत्येक डबा प्रयोगशाळेतल्या तपासलेल्या तापमापकाशेजारी ठेवून बर्फात, कोमट पाण्यात आणि उकळत्या पाण्यात तपासावा. तिन्ही ठिकाणचा फरक कागदावर लिहून तो कागद डब्यावरच चिकटवावा. फरक असणे हा दोष मानू नये, फरक लपवणे हा दोष मानावा.

चार. डबा एक पूर्ण हंगाम जागेवर राहावा. बंद पडला तर का पडला, हे वहीत लिहावे. पुढच्या वर्षीच्या गटाने पहिला डबा दुरुस्त करूनच स्वतःचे काम सुरू करावे. म्हणजे पोरे पुण्याला गेली तरी काम इथे राहील.

पाच. नकाशा आणि प्रोग्रॅम यांची एक प्रत कारखान्यात ठेवावी, आणि वार्षिक सभेत प्रत्येक गटाला दहा मिनिटे द्यावीत. त्यांनी साध्या मराठीत काय मोजले आणि काय चुकले ते सभासदांना सांगावे. प्रश्न आपण विचारावेत. आपल्यासारखे परीक्षक त्यांना कॉलेजात मिळायचे नाहीत!

माझ्या पुतण्याने ते मिळवलेले १.७ प्रोग्रॅममधून काढून टाकले. अहवालात त्याने लिहिले, की उकळते पाणी ९८.३ आले आणि सोलापूरच्या उंचीला तेच बरोबर आहे. तोंडी परीक्षेत त्याला विचारले, "शंभर का नाही आले?" त्याने उत्तर दिले आणि दोन्ही परीक्षक गप्प झाले, असे तो सांगतो. त्यात त्याची थोडी फुशारकी असेल, ती सोडून द्या. डबा मात्र अजून आमच्या गोठ्यात आहे, वर्षभरात दोनदा बंद पडला आणि दोन्ही वेळा त्यानेच सुट्टीला येऊन दुरुस्त केला. या उन्हाळ्यात त्या आकड्यांवरूनच आम्ही पत्र्यावर पाचट टाकले.

काटा खरा असावा हा आग्रह आपणच धरला आणि तो टिकवला. तोच आग्रह पोरांच्या वहीपर्यंत नेऊ या. सभासदांनी या सूचनांवर आपली मते शेती विभागाकडे कळवावीत, आणि ज्यांच्या घरी असे पोरगे-पोरगी आहे त्यांनी यंदा दुकानात पैसे देण्यापूर्वी एकदा प्रयोगशाळेची पायरी चढावी.

जय सहकार.

— एक ऊस उत्पादक सभासद